पौर्णिमेला समुद्रकिनारी मुक्काम करताय? आधी पाणी कुठवर येतं ते विचारा

तंबू असो की कॅरॅव्हॅन, जागा फोटो बघून ठरवू नका. फोनवर हे १० प्रश्न विचारा

द्राक्षं उतरली, बेदाणा शेडवर पडला, खरड छाटणी उरकली, पोरांच्या परीक्षा संपल्या. मग घराघरात एकच विषय निघतो, चला दोन दिवस कोकणात जाऊन येऊ. पूर्वी लॉज किंवा कुणाच्या तरी ओळखीचं घर बघितलं जायचं. आता मोबाईलवर समुद्रकाठच्या तंबूंचे आणि कॅरॅव्हॅनचे व्हिडिओ दिसतात. दार उघडलं की समोर लाटा, बाहेर शेकोटी, वर चांदणं. चार घरं मिळून गाडी ठरवतात, आगाऊ पैसे पाठवतात आणि निघतात.

यात वाईट काही नाही. लॉजपेक्षा मोकळं वाटतं, पोरं खूश होतात, आपला शिधा नेला तर खर्चही आटोक्यात राहतो. पण समुद्रकाठची जागा निवडणं आणि आपल्या रानात वस्तीवर झोपणं यात फरक आहे. रानातलं पाणी कुठून येतं हे आपल्याला पाठ असतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं आणि दोनदा मागे जातं. घाटावरच्या माणसाची फसगत इथेच होते.

संध्याकाळी मैदान, मध्यरात्री पाणी

समजा, पौर्णिमा बघून सहल ठरवली. गाडी संध्याकाळी पाच-साडेपाचला पोहोचली. त्या वेळी समुद्र लांब मागे गेलेला असतो. समोर क्रिकेटच्या मैदानाएवढी कोरडी वाळू. कुणीही म्हणेल, इथंच तंबू ठोकू, गाडी पण इथंच लावू.

पण पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं. चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं आणि नेहमीपेक्षा जास्त वर येतं. जे मैदान संध्याकाळी दिसलं, तिथं रात्री ११-१२ वाजता पाणी असतं. म्हणजे सगळे जेवून गाढ झोपलेले असताना. चांदण्यासाठी लोक जी रात्र निवडतात, तीच मोठ्या भरतीची रात्र असते.

अष्टमीच्या आसपास उलटं. तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी असते. कोकणात याला भांगाची भरती म्हणतात. पहिल्यांदाच लहान पोरं घेऊन जाणार असाल तर अष्टमीच्या पुढे-मागे दोन दिवस बघा. चांदणं कमी मिळेल, पण निवांत झोप लागेल.

भरतीची वेळ कॅलेंडरवरून काढा

कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच.

चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी ३ च्या सुमारास आणि पहाटेही ३ च्या पुढे-मागे भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून १, २, ३ असं मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. दोन भरतींमध्ये सव्वाबारा ते साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

हा हिशोब मुंबई-अलिबागच्या बाजूला जास्त जुळतो. रत्नागिरी, सिंधुदुर्गकडे भरती साधारण तासभर आधी येते. नेमकी वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. तरीही तिथे पोहोचल्यावर एखाद्या मच्छीमाराला विचारणं सगळ्यात चांगलं. "काका, आज पाणी कुठवर येईल?" एवढंच विचारा. तो हात करून दाखवेल.

समुद्राची हद्द कशी ओळखायची?

विचारायला कुणी नसेल तरी किनारा स्वतः सांगतो. वाळूवर एक आडवी रेघ दिसते. सुकलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या, तुटलेल्या जाळ्याचे तुकडे. मागच्या भरतीला पाणी इथवर आलं होतं. अशा दोन रेघा दिसल्या तर वरची धरा, कारण ती मोठ्या भरतीची असते.

दुसरी खूण मर्यादावेलीची. वाळूवर पसरणारी, जाड पानांची, जांभळट फुलांची वेल. नावातच सगळं आलं. ही वेल साधारण समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून वर वाढते. वेलीच्या समुद्राकडच्या बाजूला मुक्काम करायचा नाही. तिच्या मागे, सुरूच्या बनाच्याही आत, घट्ट जमिनीवर तंबू लावा. वेल मात्र तुडवू नका, वाळू धरून ठेवायचं काम तीच करते.

शक्य असेल तर पहाटे निघून दुपारी बाराच्या आत पोहोचा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी पाणी भरलेलंच असतं. ते डोळ्यांनी बघा आणि मग जागा ठरवा. रात्रीची भरती दुपारएवढीच असेल असं धरून चालू नका, ती वरही येऊ शकते. म्हणून चांगलं अंतर सोडा. खाडीच्या तोंडाजवळ तर मुळीच नको, तिथे पाणी दोन्ही बाजूंनी येतं.

कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे नेमकं काय?

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. आत झोपायची सोय, छोटं स्वयंपाकघर, काहींत संडास-बाथरूम. परदेशात अशा गाड्या उभ्या करायला खास जागा असतात. तिथे प्रत्येक गाडीला आखलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडायची सोय असते. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडी आणि गाडी उभी करायची जागा या दोन्हींचा विचार केलेला आहे.

पण पाटीवर 'कॅम्पिंग' किंवा 'कॅरॅव्हॅन पार्क' लिहिलं म्हणजे आत सगळं असेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी ती नारळ-पोफळीची वाडी असते, तंबू लावलेले असतात आणि गाडी अंगणात उभी करायची असते. तेही चालतं. वाडीचा मालक तिथेच राहत असेल तर उलट चांगलंच. रात्री-अपरात्री अडचण आली तर हाकेला माणूस असतो. फक्त पैसे देण्याआधी काय मिळणार आणि काय नाही, हे स्वच्छ कळलं पाहिजे.

रस्ता आणि वळण

कोकणातल्या वाड्यांचे रस्ते अरुंद असतात. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा. ट्रॅव्हलर किंवा उंच कॅरॅव्हॅन आत गेली आणि वळायला जागा नसली, तर अर्धा किलोमीटर रिव्हर्स यावं लागतं. मालकाला गाडीचं नाव, लांबी आणि उंची सांगा आणि विचारा, "एवढी गाडी याआधी आली होती का?"

वाळूवर गाडी घालू नका. वरून घट्ट दिसणारी ओली वाळू चाकाखाली सरकते. चाक रुतलं आणि भरती सुरू झाली तर गाडी पाण्यात जाते. ट्रॅक्टर मिळेपर्यंत समुद्र थांबत नाही. खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेलं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

आंबा, कुंभार्ली, फोंडा, कोणताही घाट असो, मोठी गाडी दिवसाउजेडी उतरवा. उतारावर खालच्या गिअरमध्ये चला, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. आणि पैसे वाचवायला मालवाहू टेंपोत किंवा पिकअपच्या हौद्यात माणसं बसवून नेऊ नका. ते कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायला अडचण येते.

वीज: विहिरीवरच्या मोटारीसारखीच काळजी

कॅरॅव्हॅनमधला एक टनाचा एसी साधारण हजार-बाराशे वॅट ओढतो. म्हणजे दीड एचपीच्या मोटारीएवढा भार. तो घरातल्या साध्या सॉकेटवर, बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवरून घेतला तर वायर तापते, प्लग वितळतो. १६ अँपिअरचा सॉकेट, चांगली अर्थिंग आणि गळती झाली की लगेच वीज तोडणारा ब्रेकर आहे का, ते विचारा.

समुद्राच्या खाऱ्या हवेने तारा आणि जोड लवकर गंजतात. ओली वाळू, अनवाणी पाय आणि उघडी वायर एकत्र आली की शॉक बसतो. विहिरीवरच्या स्टार्टरपेटीला ओल्या हाताने हात लावत नाही, तोच नियम इथे. वायर वाळूतून किंवा तंबूच्या दारातून गेलेली दिसली तर आधी ती हलवायला लावा, मग बॅगा उतरवा.

जनरेटर लावून आत झोपू नका

ही गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवावी अशी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघेजण मेलेले आढळले. गाडीत एसी चालू होता आणि त्यासाठी जनरेटर लावलेला होता. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला आणि त्याने त्यांचा जीव गेला, असं तपासात पुढे आलं.

या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस उठत नाही. म्हणून चालू जनरेटर गाडीखाली किंवा तंबूजवळ ठेवून झोपायचं नाही. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कोळशाची शेगडी किंवा शेकोटीतले निखारे थंडी वाजते म्हणून तंबूत आणायचे नाहीत. विझल्यासारखे दिसणारे निखारेही हा वायू सोडतात. ज्या ठिकाणी रात्रीची वीज फक्त जनरेटरवर आहे, तिथे पंख्यावर आणि खिडकी उघडून झोपायची तयारी असेल तरच जा.

स्वयंपाक उघड्यावर करा. गॅसची टाकी झोपायच्या जागेत ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचून राहतो आणि एका ठिणगीने पेटतो. तंबूचं कापडही पटकन पेट घेतं, त्यामुळे चूल आणि शेकोटी वाऱ्याची दिशा बघून लांब पेटवा.

पाणी, संडास आणि नारळ

किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. पिण्याचं पाणी गोडं आहे का, हे आधी विचारा. अंघोळीला मचूळ चालेल, चहाला नाही.

माणसं किती आणि संडास किती, हा प्रश्न लाजून टाळू नका. बायकांसाठी वेगळी सोय आहे का, दाराला आतून कडी आहे का, तंबूपासून तिथवर रात्री उजेड आहे का? घरातली बाई रात्री एकटी जाऊ शकेल अशी जागा असेल तर ती कुटुंबाला योग्य. म्हातारी माणसं बरोबर असतील तर अंतर आणि पायऱ्या पण विचारा. कॅरॅव्हॅनमध्ये संडास असेल तर त्याची टाकी कुठे रिकामी करायची, हे जागेवर नाही, फोनवरच ठरवा. ती किनाऱ्यावर किंवा ओढ्यात सोडायची नाही. आपल्या गावच्या ओढ्यात कुणी असं केलं तर आपण काय करू, ते आठवा.

आणि नारळाच्या झाडाखाली तंबू किंवा गाडी लावू नका. फोटोला छान दिसतं, पण वरून नारळ नाहीतर सुकलेली झावळी कधी पडेल सांगता येत नाही.

विहिरीत पोहणाऱ्याला समुद्र येत नाही

१ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले ८ जण गेले. दोन्ही सहली घाटावरून आल्या होत्या.

आपल्याकडची पोरं विहिरीत, कालव्यात लहानपणापासून पोहतात. त्यामुळे भीड चेपलेली असते. पण विहिरीचं पाणी उभं असतं, समुद्राचं पाणी ओढतं. काही जागी परत फिरणारं पाणी एकत्र होऊन नदीसारखं आत वाहतं. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे जोर लावतो आणि दमतो. तसं झालं तर प्रवाहाशी झुंजू नका. अंग सैल ठेवा, हात वर करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाजूला व्हा.

म्हणून जागा निवडताना त्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतात का, हे विचारा. ओहोटी चालू असताना, अंधारात आणि दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही. खडकांवर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी खडकाळ प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी लाटा थेट अंगावर येतात.

कधी जावं, कधी नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. मार्च-एप्रिलही चालतो, पण दुपारी तंबूत थांबवत नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात हवामान खात्याचा अंदाज बघितल्याशिवाय निघू नका. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये याच किनाऱ्याला घासून गेलं आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ थेट रायगडात धडकलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. जन्म समुद्रावर गेलेला कोळी ज्या दिवसांत होडी ओढून वर ठेवतो, त्या दिवसांत आपण तिथे तंबू ठोकायचा नाही.

हिवाळ्यात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री वाळूवर शेकोटी, मोठे दिवे आणि गाडी टाळा. पिल्लं उजेडाकडे वळून वाट चुकतात.

पैसे पाठवण्याआधी विचारा

१. भरतीची रेघ आणि तंबूची किंवा गाडीची जागा यात किती अंतर आहे?
२. उधाणाला पाणी आवारात कधी आलं होतं का?
३. आमची गाडी आत येऊन वळेल का?
४. वीज कशावर? सॉकेट किती अँपिअरचा? अर्थिंग आहे का?
५. पिण्याचं पाणी गोडं आहे का?
६. किती माणसांना किती संडास? बायकांसाठी वेगळे आहेत का?
७. रात्री मालक किंवा राखणदार आवारात झोपतो का?
८. जवळचा दवाखाना किती अंतरावर? मोबाईलला रेंज आहे का?
९. भाडं माणशी की गाडीमागे? वीज, गाद्या, सरपण, स्वयंपाकाची जागा यांचे वेगळे पैसे आहेत का?
१०. हवामान बिघडलं तर आगाऊ रक्कम परत मिळेल का?

उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. बोलण्यात राहिलेलं जागेवर नाकारता येतं, लिहिलेलं नाही. मग व्हिडिओ कॉल लावून जागा आणि संडास दाखवायला सांगा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो. जो टाळाटाळ करतो आणि "आधी स्कॅनर पाठवतो, पैसे टाका, एकच जागा उरलीय" म्हणतो, त्याचा नाद सोडा. नावाजलेल्या ठिकाणांच्या नावाने खोटी पानं आणि खोटे नंबर फिरत असतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

निघताना कुठे थांबणार, मालकाचा नंबर आणि परत येण्याचा दिवस घरी लिहून ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

समुद्र दोनशे पावलं लांब असला तरी लाटांचा आवाज रात्रभर येतो. तेवढं अंतर ठेवणारी जागा व्हिडिओत कदाचित साधी दिसेल. पण पहाटे सगळी माणसं मोजून तेवढीच भरली पाहिजेत. जागा त्या हिशोबाने निवडा.